सेल्फ फिरतोय, पण गाडी उठत नाही – डिझेलवाल्यांनो, मदत हवी

वाशिष्ठीकाठ | ३ जुलै, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. एसटीत बसून लिहितेय, त्यामुळे वैताग दिसला तर समजून घ्या.

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटर, कॉमन रेल. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. रोज चिपळूण ते खेड आणि परत. आजवर रस्त्यात एकदाही सोडलं नव्हतं तिने. गेले दहा-बारा दिवस मात्र सकाळचे नखरे सुरू आहेत. आधी तीन-चार सेकंद सेल्फ मारावा लागायचा, मग आठ-दहा. उठल्यावर थोडा वेळ खडखडते, रेस घेत नाही, मग शहाण्यासारखी चालते. दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, अर्ध्या सेल्फला उठते. आज पंधरा मिनिटं झटापट केली, बॅटरी उतरली, पण बाईसाहेब काही उठल्या नाहीत.

गॅरेजवाल्याने परवा स्कॅनर लावला होता. पी-००८७ असा कोड आला. त्याचं म्हणणं, नोझल गेलेत, चारही काढून टेस्टिंगला पाठवू, पंपाचंही सांगता येत नाही, चाळीसेक हजार धरून चला. बाबा म्हणतात डिझेलमध्ये पाणी आहे. शेजारचे काका म्हणतात हीटर प्लग, थंड इंजिन आतून तापवणारे. मी म्हणते विकून टाकू.

चाळीस हजार घालण्याआधी काय तपासावं?

रिकामटेकडा | ३ जुलै, सकाळी ९:५२

हीटर प्लग. डोळे मिटून बदला. सकाळीच त्रास, दिवसा नाही, म्हणजे दुसरं काय असणार?

औंधकर | ३ जुलै, सकाळी १०:१५

पी-००८७ म्हणजे रेलमधलं, म्हणजे चारही नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतलं, प्रेशर कमी. दीड लाखाला आलेली गाडी, नोझल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, डिझेल सोडत असणार. गॅरेजवाला चुकीचं बोलत नाहीये. माझ्या आधीच्या गाडीत हेच झालं होतं.

लेह_रिटर्न | ३ जुलै, सकाळी १०:३१

हीटर प्लगवाल्यांसाठी. मी दोन हिवाळे लडाखमध्ये काढलेत. तिथे साधं डिझेल टाकीतच घट्ट व्हायला लागतं, सकाळी गाडीखाली शेगडी घेऊन बसलेले ड्रायव्हर बघितलेत. २०१९ च्या नोव्हेंबरात तिकडे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल मिळायला लागलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. थंडीमुळे गाडी न उठणं याला म्हणतात. चिपळुणात जुलैच्या पहाटे चोवीस-पंचवीस अंश असतात. तेवढ्यात कॉमन रेल इंजिन हीटर न लावताही उठायला हवं.

मीटरवाली | ३ जुलै, सकाळी ११:०५

आधी बॅटरी. नोझल-पंप सगळं नंतर. मीटर आहे का घरी? रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५-१२.६ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटरकडे बघायला सांग. साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा अर्थिंगची पट्टी गंजली आहे. डिझेलला सेल्फ नुसता फिरून चालत नाही, जोरात फिरावा लागतो. हळू फिरला तर पंप प्रेशर बनवत नाही, आणि स्कॅनरवर तोच पी-००८७ येतो.

वाशिष्ठीकाठ | ३ जुलै, दुपारी १:२०

बॅटरी मार्चमध्येच नवी घेतली. सकाळी पहिल्या सेल्फला जोरातच फिरत होती, उतरली ती नंतर. तरी संध्याकाळी चार्ज करून मोजते. बाबांचा मीटर आहे, १९९४ सालचा, पण आहे.

घाईत_असतो | ३ जुलै, दुपारी १:४४

एअर फिल्टर काढून आत स्टार्टिंग स्प्रे मारा, एका झटक्यात उठेल. नाहीतर उतारावर धक्का. आमच्याकडे ट्रॅक्टरला हेच करतात.

जुना_फिटर | ३ जुलै, दुपारी ३:१०

स्प्रे मारू नका हो. हीटर तापलेला असताना आत ईथर गेलं तर पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो. पिस्टनच्या रिंगा फुटलेल्या मी हाताने बाहेर काढल्यात. आणि धक्का कशाला? सेल्फ नीट फिरतोय, मग धक्क्याने काय वेगळं होणार? आत डिझेलच जात नसेल तर गाडी थेट गुहागरला समुद्रात ढकललीत तरी उठायची नाही.

मी ३१ वर्षं एसटीच्या कार्यशाळेत होतो. कॉमन रेल शेवटी शेवटी शिकलो, पण दुखणं ओळखायची पद्धत तीच. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही. हवा सोळा-सतरा पट दाबायची, ती इतकी तापते की डिझेल फवारलं की पेटतं. म्हणजे तीनच गोष्टी हव्यात. हवा नीट दाबली गेली पाहिजे, डिझेल पुरेशा जोराने आत गेलं पाहिजे, आणि तुमच्या काळातल्या गाड्यांत कॉम्प्युटरने फवाऱ्याला परवानगी दिली पाहिजे. यातलं काय कमी पडतंय ते शोधायचं. पार्ट बदलत बसायचं नाही.

तर ताई, उद्या सकाळी गाडी उठली नाही की एवढं बघून सांगा.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? पांढुरका, डिझेलचा वास असलेला धूर आला तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर, कॉम्प्रेशन वगैरे बघू. धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचतच नाही.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासा हलतो का? हलला तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा, जिवंत आहे. काही गाड्यांत सेन्सर चांगला असूनही काटा हलत नाही, म्हणून न हलल्यास लगेच घाबरू नका.

डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय का? तो लुकलुकला तर गाडी चावी ओळखत नाहीये.

किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद गूंऽ असा आवाज येतो का? म्हणजे टाकीत विजेचा पंप आहे की नाही ते कळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता का?

एकावेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सेल्फ जाळून घेतलात तर दोन आजार होतील आणि पहिला कुठला तेच कळायचं नाही.

रिकामटेकडा | ३ जुलै, दुपारी ३:२५

काका, धागा वाचनखुणेत टाकलाय. पण हीटर प्लगच.

वाशिष्ठीकाठ | ४ जुलै, सकाळी १०:०५

उत्तरं क्रमाने.

बॅटरी १२.६. सेल्फ मारताना १०.४. मीटरवाली, थँक्यू, बॅटरी सुटली.

धूर नाही. अजिबात नाही. भावाला मागे उभं केलं होतं, छत्री घेऊन सायलेन्सरकडे टक लावून. आठव्या सेकंदाला थोडा आला आणि तेव्हाच गाडी उठायला लागली.

काटा हलतो, दोनशे-अडीचशेच्या आसपास. चावीचा दिवा लागतो आणि विझतो, लुकलुकत नाही. सीटखाली आवाज नाही.

हात लावला होता का? हो. पावसाळ्याआधीची सर्व्हिसिंग, १९ जूनला. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, वायपरच्या पट्ट्या. पण ती नेहमीचीच.

जुना_फिटर | ४ जुलै, सकाळी ११:३०

१९ जूनला डिझेल फिल्टर बदलला. आणि त्रास कधीपासून म्हणालात? दहा-बारा दिवस.

औंधकर | ४ जुलै, सकाळी ११:४१

फिल्टर नवा आहे म्हणजे उलट फिल्टरचा प्रश्न मिटला ना?

तांडेल | ४ जुलै, दुपारी १२:०२

नवो फिल्टर म्हणजे कोणीतरी झाकण उघडल्यान. झाकण उघडला तिथे हवा शिरली. मालवणात ट्रॉलरवर हेच चालता. काल संध्याकाळी इंजिन बरा होता, पहाटे जाळ्यावर जायच्या वेळेक हूं नाय की चूं नाय. पयला काम फिल्टरचो नट सैल करून हातपंप मारूचो, बुडबुडे येवचे थांबले की आवळूचो.

औंधकर | ४ जुलै, दुपारी १२:१५

पण हवा जाते म्हणजे तिथून डिझेल गळायला नको? ताईंनी गळती लिहिलेली नाही.

जुना_फिटर | ४ जुलै, दुपारी १:०५

इथेच भले भले फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताईंच्या टाकीत विजेचा पंप नाही. म्हणजे पुढचा पंप टाकीतलं डिझेल ओढून घेतो, जसं आपण स्ट्रॉने सरबत ओढतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. स्ट्रॉला बारीक भोक पडलं तर सरबत बाहेर गळतं का? नाही, तोंडात हवा येते. तसंच इथे. फिल्टरखाली फरशी कोरडी ठणठणीत असते आणि नळीत हवा भरलेली असते. ज्या गाड्यांच्या टाकीत पंप असतो तिथे नळीत दाब असतो, म्हणून तिथे गळती दिसते. हिच्यात नाही दिसणार.

रात्री गाडी उभी राहिली की त्या बारीक फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. तोवर रेलमध्ये प्रेशर नाही, कॉम्प्युटर फवारा सोडत नाही, धूर नाही. भरली की उठते, मधले बुडबुडे संपेपर्यंत खडखडते, मग दिवसभर बरी. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये हे सगळं लिहिलंत, फक्त फिल्टरचं सांगायचं राहिलं. सगळेच विसरतात. पेशंट डॉक्टरला सगळं सांगतो आणि उठताना म्हणतो, हो, मागच्या आठवड्यात पडलो होतो.

औंधकर, नोझल गेलेल्या गाडीचं बहुतेक उलटं असतं. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, रिटर्नला जास्त निसटतं आणि अशी गाडी दुपारी पेट्रोल पंपावर उभी केली की परत उठायला रडते. ताईंची गरम गाडी अर्ध्या सेल्फला उठते. नोझलवर माझा वहीम सगळ्यात शेवटी.

आता एक फुकटातली परीक्षा. घरी गाडी कशी उभी असते? सपाटीवर, की चढावर?

वाशिष्ठीकाठ | ४ जुलै, संध्याकाळी ७:५०

काका!! घर टेकाडावर आहे, गाडी चढावर लागते, नाक वर. २१ च्या पुरात त्यामुळेच वाचली होती. ऑफिसात सपाटीवर असते.

बाबांच्या पाण्याच्या शंकेचाही निकाल लावला. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत पाव लिटरभर डिझेल काढलं. तासभर ठेवलं. पाणी असतं तर खाली वेगळा थर बसला असता. काहीही नाही, मधासारखं स्वच्छ. आई बरणी परत मागतेय, तिला सांगितलंय की ती आता आमची.

जुना_फिटर | ४ जुलै, रात्री ८:१५

नाक वर म्हणजे टाकी खाली, फिल्टर वर. डिझेलला परत जायला घसरगुंडीच.

आज रात्री गाडी उलटी लावा, नाक उताराकडे. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. बाकी कशाला हात लावू नका. स्क्रू उघडलात त्यामुळे थोडी हवा गेली असेल, म्हणून आधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, गाडी सुरू करून पंधरा मिनिटं चालवा, मग लावा. सकाळी पटकन उठली तर नोझल, पंप, हीटर सगळे निर्दोष. त्यांना गाडीचं तोंड कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं?

मीटरवाली | ४ जुलै, रात्री ९:००

वा, काय परीक्षा आहे! ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं) मिळालं कुणाकडून तर रेल प्रेशरचा आकडाही बघ. मोबाईलच्या ॲपवर किलोपास्कलमध्ये दिसतो, शेवटची दोन शून्यं काढली की बार. दीडशे ते अडीचशे बार झाल्याशिवाय बहुतेक गाड्या फवारा सोडत नाहीत.

वाशिष्ठीकाठ | ५ जुलै, सकाळी ८:१०

दीड सेकंद! नाक खाली, रात्रभर पाऊस, सकाळी दीड सेकंदात उठली. खडखड नाही.

भावाच्या मित्राकडून यंत्र मिळालं. आजचा आकडा पहिल्याच सेकंदात २७,५०० च्या वर गेला. उद्या परत नाक वर लावून बघते.

वाशिष्ठीकाठ | ६ जुलै, सकाळी ८:२५

नाक वर. नऊ सेकंद सेल्फ. आकडा ६,८०० वर अडकलेला, म्हणजे ६८ बार. नवव्या सेकंदाला एकदम उडी मारली आणि उठली. यावर कुणाला शंका?

औंधकर | ६ जुलै, सकाळी ८:४०

शंका मागे घेतली. पण फट नेमकी कुठे? टाकीपासून इंजिनापर्यंत चार मीटर नळी आहे.

घाईत_असतो | ६ जुलै, सकाळी ९:०२

नोझलकडचे नट एकेक सैल करून हवा काढून टाका. आमच्या ट्रॅक्टरला तसंच.

जुना_फिटर | ६ जुलै, सकाळी ९:२०

कुणीही हे करू नये. ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाला चालतं, आम्हीही केलंय. कॉमन रेलमध्ये सोळाशे बारपर्यंत दाब असतो. ती धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजून काळा पडायला लागतो. कुणाला तसं झालंच तर मलम लावत बसू नका, थेट सर्जन गाठा. ताई, तुमचं काम पंपाच्या अलीकडे, ओढीच्या बाजूला. जाड पोलादी नळ्यांना हात नाही लावायचा.

हार्डवेअरच्या दुकानातून वीतभर पारदर्शक नळी आणा, तुमच्या रबरी नळीच्या मापाची, आणि दोन क्लिपा. फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या मध्ये ती बसवा. गाडी चालू करून टॉर्च मारा. बुडबुडे दिसले की नळी काढून फिल्टरच्या आधी, टाकीकडच्या बाजूला बसवा. आधी स्वच्छ आणि नंतर बुडबुडे म्हणजे चोर फिल्टरातच. पाहून झालं की नळी काढायची, ती कायमची ठेवायची नाही. आणि लवकर करा, पंपाला वंगण डिझेलचंच असतं. रोज सकाळी हवा खायला घातलीत तर चाळीस हजारांची भविष्यवाणी खरी होईल.

तांडेल | ६ जुलै, सकाळी ९:४५

आणि बुडबुडे फिल्टरात सापडले तर झाकणाच्या सांध्याक बाहेरून जाड ग्रीस चोपड. ओढ असली की ग्रीस फटीत ओढला जाता आणि भोक बुजता. दुसऱ्या दिवशी उठली तर झाकणच. ह्यो उपाय न्हय हां, नुसती खात्री.

वाशिष्ठीकाठ | ७ जुलै, संध्याकाळी ६:३०

बोनेट उघडून, वर ताडपत्री धरून, बाबा टॉर्च आणि मी नळी. फिल्टरच्या पुढे बुडबुडे, साबुदाण्याएवढे, एकामागे एक, माळ ओवल्यासारखे. फिल्टरच्या मागे एकही नाही. बाबा दहा मिनिटं नुसते बघत बसले. म्हणाले, आमच्या जीपला हे असं दिसत असतं तर अर्धं आयुष्य वाचलं असतं.

आता ग्रीस चोपडलंय. नाक वर.

वाशिष्ठीकाठ | ८ जुलै, सकाळी ७:५५

दोन सेकंद. तांडेल, तुम्हाला चिपळुणात आलात की जेवण लागू.

वाशिष्ठीकाठ | ८ जुलै, रात्री ९:१५

शेवटचा भाग. हा वाचाच.

संध्याकाळी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावून झाकण उघडलं. आतली रबराची रिंग बाहेर काढली तर चपटी, कडक, एका जागी बारीक चीर. पंधरा दिवसांची रिंग अशी कशी होईल, म्हणून मिस्त्री डोकं खाजवत होते. मग आठवलं की सर्व्हिसिंगच्या वेळी त्यांनी जुने पार्ट नव्याच्या खोक्यांत घालून डिकीत टाकले होते. छत्र्या, पिशव्या उपसून डिझेल फिल्टरचं खोकं काढलं. आत जुना काळा फिल्टर आणि त्याच्याखाली प्लॅस्टिकच्या पुडीत नवी कोरी रिंग. पुडी फोडलेलीसुद्धा नव्हती.

म्हणजे फिल्टर नवा, रिंग जुनीच. बहुधा २०१३ पासूनची.

नवी रिंग डिझेलमध्ये बुडवून बसवली, ग्रीस पुसलं, हातपंपाने हवा काढली. मिस्त्रींनी शंभर रुपये घेतले, तेही नको नको म्हणत. गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, रिंग बदलायची गरज नसते, झाकण घट्ट केलं की पुरे.

औंधकर | ८ जुलै, रात्री ९:३२

चाळीस हजारांची रिंग डिकीत घेऊन फिरत होतात की!

मीटरवाली | ८ जुलै, रात्री ९:४०

आता तो कोड पुसून टाक आणि आठवड्याने परत बघ. नाही आला तर प्रकरण बंद.

वाशिष्ठीकाठ | १५ जुलै, सकाळी ८:०५

कोड आला नाही. सात सकाळी, सातही वेळा नाक वर, अर्धा सेल्फ. बरणी आईला परत दिली, तिने ती घेतली नाही.

जुना_फिटर | १५ जुलै, सकाळी ९:१०

छान झालं. बरणीत नट-बोल्ट ठेवा.

रिकामटेकडा | १५ जुलै, सकाळी ९:१२

अभिनंदन ताई. तरी हिवाळ्याआधी एकदा हीटर प्लग बघून घ्या.